एकच शब्द: चेकमध्ये नोकर, आयरिशमध्ये फौज?

ब्रनोवासी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. भाषेतल्या जाणकारांनी प्रकाश टाकावा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत मी भाड्याने राहतो ते घर १९३०च्या आसपास बांधलेलं. स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. खोली म्हणायचं म्हणून. खाट टाकली तर दार पुरतं उघडणार नाही. खिडकी रस्त्याकडे नाही, इमारतीच्या पोटात हवेसाठी सोडलेल्या चौकोनी बोळात उघडते, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आम्ही तिथे सायकल आणि इस्त्रीचं टेबल ठेवतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. किल्ल्या देताना म्हणाल्या, ही 'स्लुश्का'ची खोली. म्हणजे मोलकरणीची. त्या काळच्या खात्यापित्या घरांत अशी खोली बांधतानाच नकाशात धरलेली असायची.

तर स्लुश्का ही 'स्लुहा'ची लेक. स्लुहा म्हणजे नोकर. शब्द आता जुनाट झालाय, नाटकात नाहीतर परीकथेत भेटतो. पण त्याचं गणगोत रोज भेटतं. 'स्लुझ्बा' म्हणजे सेवा, नोकरी, ड्यूटी. डॉक्टर रात्रपाळीला असला तर त्याला 'स्लुझ्बा' आहे म्हणतात. सैन्यातली नोकरीही स्लुझ्बाच.

आता खरा मुद्दा. शाळेतली एक मैत्रीण आयर्लंडमधल्या गॉलवेला नर्स आहे (इथेही असते, येईलच). ती हौसेने आयरिश शिकते, मी पोटासाठी चेक शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर ती धडा मोठ्याने वाचत होती आणि मध्येच 'स्लूअ' असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, नोकर? ती म्हणाली, नोकर कुठला, गर्दी! जुना अर्थ फौज.

कुठे गर्दी, कुठे नोकर. हा योगायोग, की दोन्ही शब्द खरंच एका घरातले?

पोहेखाऊ

आमच्या ऑफिसात गर्दी म्हणजे नोकरच. एकाच घरातले. धागा बंद करा.

सिस्टर_गॉलवे

आले आले. 'स्लूअ' इथे रोजच्या वापरातला शब्द आहे. पिअर्स स्टेडियमवर मॅच असली की सॉल्टहिलच्या रस्त्याने माणसांचा लोंढा चालत जातो, गाड्या जागच्या जागी थांबतात. त्या दिवशी आयरिश रेडिओवर 'स्लूअ मोर' हमखास ऐकू येतं. मोर म्हणजे मोठा. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्यासाठी त्यांनी जो नवा शब्द घडवला, त्यातही पहिला अर्धा भाग हाच.

जुन्या पुस्तकांत याच शब्दाच्या शेवटी 'ग' आणि 'ह' ही दोन अक्षरं असतात, उच्चार नसलेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारने लेखन सोपं केलं तेव्हा ती गेली. १९५८ला प्रमाण नियमावली आली, पुढे २०१२ आणि २०१७ला ती सुधारली गेली.

आणि 'स्लूअ शी' ऐकलंय का? शी म्हणजे टेकडीतली अदृश्य माणसं. त्यांची फौज वाऱ्यावरून जाते अशी समजूत. माझी एक म्हातारी पेशंट, नव्वदीची, वावटळ दिसली की बोलायची थांबते. पानं गोल फिरत वर जातात ना, तेवढा वेळ गप्प. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमच्याकडे वेताळाची पालखी निघते असं आजी सांगायची, त्यातलाच प्रकार.

कावळा

यात कसलं कोडं? बोहेमिया हे नावच बोई नावाच्या केल्टिक जमातीवरून पडलंय. म्हणजे चेक लोक राहतात ती जमीन मुळात केल्टांची. त्यांचा शब्द चेकमध्ये राहून गेला. आयरिश हीसुद्धा केल्टिक भाषा. हिशेब जुळला.

व्युत्पत्तीवेडी

कावळेबुवा, हिशेब जुळतोय असं वाटतं खरं, पण तारखा जुळत नाहीत. बोई लोकांचा तिथला जोर इसवी सनाच्या सुरुवातीपर्यंत संपला होता. स्लाव लोक त्या मुलखात आले सहाव्या शतकात. मध्ये जर्मानिक टोळ्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या.

तारखा सोडा. हा शब्द एकट्या चेकांचा असता तर तुमचं म्हणणं निदान विचारात घेतलं असतं. पण रशियन, पोलिश, सर्बियन, बल्गेरियन, सगळ्यांत तो आहे आणि सगळीकडे अर्थ नोकर. यातल्या बहुतेकांचा बोहेमियाशी काडीचा संबंध नव्हता.

मूळ शब्द साधारण 'स्लौगोस' असा काहीतरी होता असं मानतात. जुन्या आयरिशमध्ये त्याचा झाला 'स्लूअग', म्हणजे सैन्य, जमाव. प्लिनी या रोमन लेखकाने आताच्या उत्तर फ्रान्समधल्या एका जमातीचं नाव 'कातुस्लुगी' असं नोंदवलंय. कातु म्हणजे लढाई, आणि पुढे हेच आपले स्लुगी. मोठ्या पट्ट्यात पसरलेला शब्द आहे हा. ब्रनोच्या गल्लीत कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही.

एक गोष्ट मला फार आवडते. रशियनमध्ये 'स्लुगा', चेकमध्ये 'स्लुहा'. चेकमध्ये तेराव्या शतकाच्या आसपास 'ग'चा घासून घासून 'ह' झाला. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे त्यांची राजधानी. बाहेरच्यांनी जुनं 'प्रागा' धरून ठेवलं, घरचे लोक 'प्राहा' म्हणायला लागले. रशियनमध्ये पाय 'नोगा', चेकमध्ये 'नोहा'. आणि आयरिशमध्ये तोच 'ग' आधी घशात घरघरला, मग लेखनापुरता उरला, मग १९५८च्या नियमांत लेखनातूनही उडाला. दोन्ही भाषांनी एकाच अक्षराला पातळ केलं. चेकने 'ह'वर थांबवलं, आयरिशने पार विरघळवून टाकलं.

कावळा

बरं, बोई मागे घेतले. पण इंग्रजीतला गुलामासाठीचा 'स्लेव्ह' तरी या स्लुहावरून आला असणार ना?

व्युत्पत्तीवेडी

नाही हो. तो 'स्लाव' या लोकांच्या नावावरून. मध्ययुगात स्लाव माणसं पकडून इतकी विकली गेली की लोकांचं नाव तेच गुलामाचं नाव झालं. स्लुहाशी त्याचा काही संबंध नाही.

बीट्याचा_बाप

युक्रेनच्या अध्यक्षांच्या पक्षाचं नाव 'स्लुहा नारोदू' आहे, लोकांचा सेवक. आधी त्या नावाची टीव्ही मालिका आली २०१५ला, मग पक्ष, मग २०१९ला खरोखरची खुर्ची. तो स्लुहा हाच का?

व्युत्पत्तीवेडी

हाच. युक्रेनियनमध्येही 'ग'चा 'ह' झालाय.

निवृत्त_बाई

मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. चेक मला येत नाही, पण वाचता वाचता एक शंका आली ती मांडते.

आपल्याकडे 'शुश्रूषा' म्हणजे सेवा. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूचं इच्छार्थक रूप आहे. शब्दशः अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला जो उत्सुक तो गुरूची सेवा करणार, आणि मग पुढे आजाऱ्याची सेवा ती शुश्रूषा. म्हणजे ऐकण्यातून सेवा निघते याचा पुरावा आपल्याच घरात आहे. मराठीतसुद्धा 'मुलगा ऐकत नाही' म्हणजे त्याचे कान बिघडलेत असं नव्हे. मग स्लुहा म्हणजे मुळात ऐकणारा, सांगितलेलं ऐकणारा, असं नसेल का?

ब्रनोवासी

बाई, दंडवत! चेकमध्ये 'स्लुख' म्हणजे ऐकण्याची शक्ती, आणि 'पोस्लोउखात' म्हणजे ऐकणे, तसंच आज्ञा पाळणे. स्लुख आणि स्लुहा शेजारी शेजारी ठेवा, सख्खी भावंडं दिसतात. मला तर हे पटलं.

व्युत्पत्तीवेडी

बाईंची शंका इतकी चांगली आहे की ती खोडताना वाईट वाटतं. अर्थाच्या बाजूने तिच्यात काहीच चूक नाही. अडचण ध्वनीत आहे, आणि ती आयरिशनेच दाखवून दिलीय.

शंभर हा आकडा घ्या. संस्कृत 'शत', चेक 'स्तो', आयरिश 'केद'. दहा घ्या. दश, 'देसेत', 'देख'. म्हणजे जिथे आपल्याकडे 'श' आणि चेककडे 'स', तिथे आयरिशकडे 'क' किंवा त्याचा घासलेला 'ख'. आता सात घ्या. सप्त, 'सेदम', 'शख्त'. इथे मुळातच 'स' होता. आयरिशमध्ये पुढच्या स्वरामुळे तो थोडा 'श'कडे झुकला, पण 'क' झाला नाही.

आता ऐकणे. संस्कृत 'श्रु', चेक 'स्लुख', मग आयरिशमध्ये काय हवं? 'क'ने सुरू होणारा शब्द हवा. आहेच की! 'क्लूअस' म्हणजे कान. कीर्ती या अर्थाचा 'क्लू'सुद्धा त्यातलाच, आपल्या 'श्रवस्'चा भाऊ.

आणि नोकर-फौजवाला शब्द आयरिशमध्ये 'स्लूअ', 'क्लूअ' नव्हे. तो ऐकण्यातून आला असता तर 'क'ने सुरू झाला असता. चेकमध्ये दोन वेगळे ध्वनी एकाच 'स'मध्ये मिसळले, म्हणून स्लुख आणि स्लुहा भावंडं दिसतात. आयरिशने दोघांना वेगळं ठेवलं. प्रागमध्ये बसून हा गुंता सुटला नसता, त्याला गॉलवेचा कान लागला.

निवृत्त_बाई

मान्य. शिकायला मिळालं. मात्र शुश्रूषेचं उदाहरण मी मागे घेत नाही, ते आपल्यापुरतं खरंच आहे.

सिस्टर_गॉलवे

बाई, मागे घेऊही नका, पुढे ऐका. आमच्या वॉर्डात एक लिथुएनियाची सहकारी आहे. काल रात्रपाळीत चहाच्या वेळी मी तिला हा धागा वाचून दाखवला, म्हणजे जमेल तसा सांगितला. लिथुएनियन भाषा स्लाव भाषांची चुलत बहीण म्हणतात, म्हणून सहज विचारलं, तुमच्यात असा काही शब्द?

तिने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहिलं: 'स्लाउगा', सेवा, विशेषतः आजाऱ्याची. मग खाली 'स्लाउगीतोया', म्हणजे नर्स. म्हणजे ती आणि मी.

निवृत्त_बाई

म्हणजे शुश्रूषाच! फक्त दुसऱ्या दाराने आत आली.

पोहेखाऊ

आणि चेकमध्ये नर्सला काय म्हणतात?

ब्रनोवासी

'सेस्त्रा'. बहीण. थेट आपली 'सिस्टर'. त्यामुळे आजारी पडलो तर मला एवढा एक शब्द तरी शिकावा लागणार नाही.

जुनं_खोड

मंडळी, मी भाषाशास्त्रातला नाही, पेशवाईची कागदपत्रं वाचणारा माणूस. तुम्हाला फौज आणि नोकर एका शब्दात बसत नाहीत याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे 'हुजुरात' म्हणजे काय? धन्याची स्वतःची, त्याच्या पदरची फौज. सरदारांच्या पथकांपेक्षा वेगळी. पानिपतावर भाऊसाहेबांच्या हाताशी होती ती हुजुरात. आणि 'हुजऱ्या' म्हणजे काय? पाणी देणारा, जोडे उचलणारा. दोन्ही शब्द 'हुजूर'मधून, म्हणजे धन्याच्या समोर हजर असणारे. हातात भाला असला की हुजुरात, हातात तांब्या असला की हुजऱ्या. जुन्या काळी धन्याच्या भोवतीची माणसं दोन्ही कामं करायची. तांब्या ठेवून भाला उचलायला कितीसा वेळ लागतो?

व्युत्पत्तीवेडी

काका, क्या बात! हेच. अभ्यासकही साधारण याच वाटेने जातात. मूळ अर्थ धन्याच्या भोवतीचा घोळका, त्याची माणसं. केल्टांनी त्यातला घोळका उचलला, स्लावांनी माणूस उचलला. आणि याची एक खूण चेक व्याकरणात अजून शिल्लक आहे. स्लुहा पुल्लिंगी आहे, पण शेवट 'आ'. चेकमध्ये 'आ'कारान्त नामं बहुतेक स्त्रीलिंगी असतात. असा शेवट पूर्वी समूहवाचक आणि भाववाचक नामांना असायचा. आधी 'चाकरमंडळी' असा शब्द असावा, मग त्यातला एक जण.

आपल्याकडे 'मंडळी'चंही तेच झालं ना? घोळक्याचा शब्द, आणि जुने लोक एकट्या बायकोला मंडळी म्हणतात.

पोहेखाऊ

आमच्याकडे ती एकटी असली तरी फौजच आहे. (ह. घ्या. मंडळीसुद्धा हा धागा वाचते.)

ब्रनोवासी

समूहावरून आठवलं. इथल्या तुगेनधात व्हिलात (१९३०ची, आधुनिक वास्तुकलेतली नावाजलेली) नोकरांच्या खोल्या दाखवताना गाइड सारखी 'स्लुझेब्नित्स्त्वो' म्हणत होती. म्हणजे सगळा नोकरवर्ग मिळून. घोळक्यातून एकटा काढला आणि मग त्याला शेपूट लावून पुन्हा घोळका केला.

डब्लिनचा_डबा

उशिरा आलो. 'घरातले' या अर्थी आयरिशमध्ये 'त्यैलख' हा शब्द आहे. खानेसुमारीच्या फॉर्मवर असतो, घरात किती माणसं ते भरायला. त्याची फोड करा: घर अधिक स्लूअ. घरची फौज! वेल्शमध्ये जोडी अशीच, 'तेइली', म्हणजे कुटुंब. मध्ययुगात मात्र तेइली म्हणजे राजाच्या पदरचं सशस्त्र पथक, आणि त्याचा प्रमुख तो 'पेन्तेइली', दरबारातला मानाचा अधिकारी. आज पेन्तेइली म्हणजे कुटुंबप्रमुख. वेल्शमध्ये सुट्या फौजेसाठी जो शब्द उरलाय तो एवढासा आहे, आणि म्हणताना जीभ दातांमागे लावून कडेने हवा सोडावी लागते. आमच्या पोराला जमतो, मला नाही.

निवृत्त_बाई

आपला 'परिवार' आठवा. संस्कृतात राजाच्या भोवतीचे लोक, लवाजमा. देवाचाही परिवार असतो. आता परिवार म्हणजे आईबाप आणि दोन मुलं. लॅटिनमध्येही घरातल्या नोकराला 'फामुलुस' म्हणत, त्यावरून 'फामिलिया', आणि त्यातून इंग्रजी फॅमिली. घराचं नाव सगळीकडे नोकरांवरूनच पडलेलं दिसतं.

कावळा

अवांतर: चेक आणि नोकर म्हटल्यावर 'रोबोट' कुणी आणला नाही अजून? १९२०चं कारेल चापेकचं नाटक, शब्द सुचवला भावाने, योसेफने. 'रोबोता' म्हणजे वेठ. याचं आयरिशमध्ये काही आहे का, की यावेळीही मी तोंडावर आपटणार?

व्युत्पत्तीवेडी

यावेळी आपटत नाही! रोबोतामधला 'रोब' म्हणजे गुलाम. त्याचं मूळ रूप 'ओर्भ'सारखं, ज्याचं कुणी नाही असा, पोरका. जुन्या आयरिशमध्ये 'ओर्ब' म्हणजे वारसा, वारस. पोरक्याच्या वाट्याला एकीकडे वारसा आला, दुसरीकडे वेठ. आयरिश मठाच्या प्रमुखाला 'कोरबा' म्हणत, संताचा वारसदार, त्यातही तोच शब्द. आणि संस्कृतात बरेच जण 'अर्भ' याच्याशी जोडतात. म्हणजे आपलं अर्भक.

पोहेखाऊ

रोबोट आणि अर्भक भाऊ. आज झोप लागणार नाही.

डब्लिनचा_डबा

अजून एक. निवडणुकीत आपण 'स्लोगन' म्हणतो ना, ते याच फौजेचं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये 'स्लूअघ' अधिक 'गैर्म', म्हणजे फौजेची हाक, रणगर्जना. 'हर हर महादेव' हे अस्सल अर्थाने स्लोगन. ते इंग्रजीत शिरलं तेव्हा स्पेलिंग इतकं वेडंवाकडं होतं की अठराव्या शतकात चॅटर्टन नावाच्या तरुण कवीने ते तुतारी समजून कवितेत वाजवलं. पुढे ब्राउनिंगनेही त्याच्यावर भरवसा ठेवून तीच तुतारी फुंकली. तुतारी कधी नव्हतीच.

सिस्टर_गॉलवे

ब्रनोवासी, तुला हे आवडेल. आयर्लंडच्या नौदलाच्या राखीव दलाचं जुनं नाव 'अन स्लूअ मुरी'. समुद्राची फौज. त्यातला 'मुर' म्हणजे समुद्र आणि तुमचा चेक 'मोर्झे' एकाच मुळाचे. म्हणजे आख्खं नावच चेकच्या नातलगांनी भरलंय. तुमच्याकडे समुद्र नाही ती गोष्ट वेगळी.

ब्रनोवासी

सगळ्यांचे आभार. शब्द एकाच घरातले, हे ठरलं.

काल भाडं द्यायला खाली गेलो होतो. माझ्या मोडक्या चेकमध्ये मालकीणबाईंना सांगितलं, की तुमच्या 'स्लुश्का'चा शब्द तिकडे आयर्लंडमध्ये फौज आहे. त्या बराच वेळ पाकीट हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, माझी आई चौदाव्या वर्षी गावाकडून इथे आली, असल्याच खोलीत राहायची, दुसऱ्या एका इमारतीत. फौज कसली, एकटीच होती.

आणि मग विचारलं, त्या खोलीची खिडकी अजून अडकते का, अडकत असेल तर माणूस पाठवते.